घर इथले, घर तिथले : परदेशात हंगेरियन समाज कसा उभा राहतो

हंगेरियन भाषेत ‘घरी’ या अर्थाचे दोन शब्द आहेत. बोलणारा स्वतः घरात असेल तर तो ‘इत्होन’ म्हणतो; घरापासून दूर असताना घराविषयी बोलायचे असेल तर ‘ओत्होन’. मायदेशात राहणाऱ्याला या दोन शब्दांतून निवड करताना विचार करावा लागत नाही. लंडन, व्हिएन्ना किंवा टोरांटोमध्ये दहा-पंधरा वर्षे काढलेल्या हंगेरियन माणसाला मात्र तो करावा लागतो. आई-वडिलांशी फोनवर बोलताना बुडापेस्टमधील घर ‘ओत्होन’ असते आणि सुटीत तेथे गेल्यावर परदेशातील भाड्याचे घरही नकळत ‘ओत्होन’ होऊन बसते.

सुमारे ९६ लाख लोकसंख्येच्या या देशातून गेल्या दीडशे वर्षांत माणसे लाटांमागून लाटांनी बाहेर पडली. प्रत्येक लाटेने परक्या भूमीवर आपला समाज उभा करण्यासाठी त्या त्या काळी हाताशी असलेले साधन वापरले. आधी खानावळ, चर्च आणि वर्तमानपत्र होते. मग रेडिओ आणि स्काउट पथके आली. आता समाजमाध्यमांवरील गट आहेत. हा सारा प्रवास एकत्र पाहिला, तर अनोळखी माणसांना जोडण्याचे काम पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाल्याचे दिसते. जोडल्या गेलेल्यांची मुले त्या समाजात राहतील की नाही, हे मात्र आजही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जमण्यावरच अवलंबून आहे.

सीमा सरकल्या, माणसेही गेली

हंगेरीबाहेरील हंगेरियन लोकांचे दोन ठळक प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास पुढचे काहीच नीट कळत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० रोजी झालेल्या त्रियानों तहाने हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग शेजारी देशांकडे गेला. त्याबरोबर तीस लाखांहून अधिक हंगेरियन भाषक आपले गाव न सोडताच परदेशी झाले. आजच्या रुमानिया, स्लोव्हाकिया, सर्बिया आणि युक्रेनमधील हंगेरियन अल्पसंख्य हे त्यांचे वंशज. त्यांच्याकडे स्वतःची गावे, शाळा आणि चर्चेस पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने स्थलांतरितांचा. १८८० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९१४ पर्यंत चाललेल्या पहिल्या मोठ्या लाटेत हंगेरीच्या राज्यातून दहा लाखांहून अधिक लोक अमेरिकेला गेले. ते सारेच हंगेरियन भाषक नव्हते. त्यांत स्लोव्हाक, जर्मन आणि रुमानियनही होते. बहुतेकांचा बेत चार-सहा वर्षे कमवून परत यावे आणि गावी जमीन घ्यावी असा होता. अनेक जण परतलेही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर आलेली लाट विस्थापितांची होती, तर १९५६ मधील लाट फसलेल्या क्रांतीनंतरच्या निर्वासितांची. सर्वांत अलीकडची लाट १ मे २००४ रोजी हंगेरी युरोपीय संघात दाखल झाल्यानंतरची आहे.

या लाटांना एकमेकींशी बांधणारा मुख्य धागा भाषेचा. हंगेरियन ही उरालिक कुळातील भाषा असून तिचे जर्मन, स्लाव्ह किंवा इंग्रजी यांपैकी कशाशीही नाते नाही. पोलिश माणसाला चेक बोलण्यातील काही शब्द उमजतात. हंगेरियन माणसाला परदेशात अशी कोणतीही शेजारभाषा नाही. त्यामुळे गर्दीत कानावर पडलेले एक हंगेरियन वाक्यही चटकन ओळख पटवून देते. तीच भाषा घरात बोलली गेली नाही, तर ती बाहेर कोठूनही आपोआप कानावर पडत नाही.

तेरा खाणकामगार आणि सतरा डॉलर

अमेरिकेत आलेल्या पहिल्या पिढीचा समाज खानावळीत घडला. एखादे विवाहित जोडपे घर भाड्याने घेई आणि त्यात डझनभर कामगारांची सोय करी. घरधनीण सर्वांचा स्वयंपाक आणि धुणे सांभाळे. दिवसपाळीचा कामगार उठला की त्याच खाटेवर रात्रपाळीचा झोपे. इंग्रजी शब्दाला हंगेरियन वळण देऊन या घरांना ‘बुरदोशहाझ’ हे नाव पडले. कोणत्या कारखान्यात जागा आहे, कोणता मुकादम पैसे खातो, गावी पत्र कोण लिहून देईल, हे सारे तेथे जेवणाच्या टेबलावर कळत असे.

खानावळीने निवारा दिला, पण आजारपण आणि मरण यांवर तिच्याकडे उपाय नव्हता. खाणीत कामगार दगावला तर त्याला पुरण्याचाही खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उभा राही. २१ फेब्रुवारी १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील हेझल्टन येथे तेरा हंगेरियन खाणकामगारांनी एकत्र येऊन ‘व्हेरहोवाय’ नावाची परस्पर साह्य संस्था स्थापन केली. त्यांच्याकडे जमलेले भांडवल होते १७ डॉलर २५ सेंट. महिन्याच्या वर्गणीतून आजाऱ्याला मदत आणि मृताच्या कुटुंबाला आधार, एवढाच तिचा हेतू होता. १९५५ मध्ये दुसऱ्या एका हंगेरियन संस्थेशी विलीनीकरण होऊन ती ‘विल्यम पेन असोसिएशन’ झाली आणि विमा संस्था म्हणून आजही काम करते.

क्लीव्हलंड शहर हे या पिढीचे मोठे केंद्र ठरले. बकआय रोडच्या परिसरात हंगेरियन दुकाने, बँका आणि सभागृहे उभी राहिली. १८९१ मध्ये तेथे ‘सबाद्‌शाग’ म्हणजे ‘स्वातंत्र्य’ हे हंगेरियन वर्तमानपत्र निघाले आणि पुढच्याच वर्षी सेंट एलिझाबेथ यांच्या नावाचा, अमेरिकेतील पहिला हंगेरियन रोमन कॅथलिक पॅरिश स्थापन झाला. भाषेत बातमी, भाषेत प्रार्थना आणि भाषेत मदत, अशी या समाजाची घडण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मुले-नातवंडे उपनगरांत राहायला गेली आणि बकआय रोडची हंगेरियन वस्ती हळूहळू विरली.

सांकेतिक नावाने पोहोचलेला निरोप

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडण्यास सुरुवात केली. त्यानंतरच्या काही महिन्यांत सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली. बहुतेक जण ऑस्ट्रियात आणि उरलेले युगोस्लाव्हियात पोहोचले. पुढे अमेरिका आणि कॅनडा यांनी प्रत्येकी ३५ हजारांहून अधिक निर्वासितांना आश्रय दिला.

पळून गेलेला मुलगा जिवंत आहे की नाही, हे घरी कळवणे तेव्हा सोपे नव्हते. पत्रे उघडली जात आणि नाव कळले तर घरच्यांना त्रास होण्याची भीती असे. अशा वेळी ‘रेडिओ फ्री युरोप’च्या हंगेरियन सेवेवरून निर्वासितांचे निरोप सांकेतिक नावांनी वाचून दाखवले जात. अमुक टोपणनावाचा माणूस सुखरूप पोहोचला आहे, एवढेच ते वाक्य. ऐकणाऱ्या हजारोंपैकी एकाच घराला त्याचा अर्थ कळे. दूर असलेल्यांना सांधणारे तंत्रज्ञान इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून हंगेरियन कुटुंबांच्या परिचयाचे होते.

काही ठिकाणी संस्थाच्या संस्था स्थलांतरित झाल्या. ऑस्ट्रियाच्या सीमेवरील शोप्रोन येथील वनविद्या महाविद्यालयाचे सुमारे दोनशे विद्यार्थी आणि अनेक प्राध्यापक एकत्रच देशाबाहेर पडले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि १९६१ पर्यंत तेथून हंगेरियन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. अमेरिकेत न्यू जर्सीतील कॅम्प किल्मर या लष्करी तळावर निर्वासितांना उतरवण्यात आले. जवळच असलेल्या न्यू ब्रन्सविक शहरात जुनी हंगेरियन वस्ती, चर्चेस आणि मंडळे आधीपासून होती. त्यामुळे नव्याने आलेल्यांना पहिल्या दिवसापासून आपली भाषा बोलणारे शेजारी मिळाले.

शनिवारची शाळा

निर्वासितांना परतीची वाट बंद होती. त्यामुळे मुलांना हंगेरियन ठेवणे, हेच त्यांना कर्तव्य वाटू लागले. त्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली संस्था स्काउटची. हंगेरीत कम्युनिस्ट राजवटीने १९४८ मध्ये स्काउट चळवळ मोडीत काढली. पण जर्मनीतील निर्वासित छावण्यांत ती तग धरून राहिली आणि तेथून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत पोहोचली. तिचे मुख्यालय न्यू जर्सीतील गारफील्ड येथे आले. या पथकांत गाठी बांधण्याबरोबरच हंगेरियन इतिहास, भूगोल आणि साहित्य शिकवले जाते, त्यांच्या परीक्षा घेतल्या जातात आणि छावणीत हंगेरियनच बोलावे लागते.

दहा वर्षांच्या मुलाला ‘आपली संस्कृती’ जपण्यात फारसे स्वारस्य नसते. त्याला तंबू, शेकोटी आणि मित्र हवे असतात. स्काउट पथकांनी भाषा या गोष्टींना जोडली आणि म्हणूनच अमेरिकेत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीतही अस्खलित हंगेरियन बोलणारी माणसे आढळतात. शनिवार-रविवारच्या भाषाशाळाही याच धाटणीने चालतात. त्यांना वर्ग लागतो, शिक्षक लागतो आणि दर आठवड्याला मुलांना गाडीत बसवून आणणारे पालक लागतात.

लोकनृत्यानेही असेच काम केले. १९७२ मध्ये बुडापेस्टमध्ये ‘तान्त्सहाझ’, म्हणजे ‘नृत्यघर’, या चळवळीला सुरुवात झाली. ट्रान्सिल्व्हेनियातील खेड्यांत शनिवारी-रविवारी नाचण्यासाठी जमण्याची जी रीत होती, ती शहरात आणली गेली. येथे मंच आणि प्रेक्षक अशी विभागणी नसते; तंतुवाद्यांच्या साथीवर आधी पावले शिकवली जातात आणि मग सारेच नाचतात. ही पद्धत परदेशातील वस्त्यांत झपाट्याने रुजली, कारण भाषा अर्धवट येणाऱ्या नातवंडांना आणि हंगेरियन नसलेल्या जोडीदारांनाही तेथे जागा मिळाली. २०११ मध्ये युनेस्कोने वारसा जतनाच्या आदर्श पद्धतींच्या यादीत तिचा समावेश केला.

तरीही गळती थांबली नाही. अमेरिकेच्या २००० मधील जनगणनेत सुमारे १४ लाख लोकांनी आपले मूळ हंगेरियन असल्याचे सांगितले. घरी हंगेरियन बोलणाऱ्यांची संख्या मात्र सुमारे १ लाख १८ हजार होती. म्हणजे मूळ सांगणाऱ्या बारा जणांमागे भाषा बोलणारा जेमतेम एक. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचायला शिकवणाऱ्या कुटुंबांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

चौक मोबाइलवर आला

२००४ नंतर बाहेर पडलेल्यांची स्थिती वेगळी होती. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी नव्या सदस्य देशांच्या कामगारांना लगेच दार उघडले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी ते १ मे २०११ रोजी पूर्णपणे खुले केले. मधल्या काळात २००८ चे आर्थिक संकट आले. स्विस फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेल्या हजारो हंगेरियन कुटुंबांचे हप्ते, फोरिंट हे चलन घसरताच आवाक्याबाहेर गेले. डॉक्टर, परिचारिका, वेल्डर, आचारी आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया पश्चिमेकडे निघाल्या. आज जर्मनीत सुमारे दोन लाख आणि ऑस्ट्रियात सुमारे एक लाख हंगेरियन नागरिक राहतात. स्वस्त विमानसेवा आणि महामार्ग यांमुळे घर काही तासांच्या अंतरावर आले. कायमचे जायचे आहे असे ठरवून फार थोडे गेले.

या पिढीला ऑनलाइन समाजाची सवय मायदेशातच लागली होती. २००२ मध्ये, फेसबुकच्या जन्माआधी, हंगेरीत ‘आयविव’ हे समाजमाध्यम सुरू झाले. आधीच्या सदस्याचे निमंत्रण असल्याशिवाय त्यात प्रवेश नसे. शाळासोबती आणि शेजारी त्यावर एकमेकांना शोधू लागले. पुढे फेसबुकपुढे त्याचा टिकाव लागला नाही आणि ३० जून २०१४ रोजी ते बंद झाले. तोवर परदेशस्थ हंगेरियनांचे शहरवार गट फेसबुकवर उभे राहिले होते.

या गटांतील प्रश्न खानावळीच्या टेबलावरील प्रश्नांपेक्षा फारसे वेगळे नाहीत. जर्मनीत पत्त्याची नोंदणी कोठे करायची? हंगेरियन बोलणारा दंतवैद्य कोण? ठेकेदाराने पगार बुडवला तर दाद कोठे मागायची? शुक्रवारी व्हिएन्नाहून निघणाऱ्या गाडीत जागा आहे का? सामान नेणाऱ्या व्हॅन कोणत्या दिवशी सुटतात, याची चौकशी होते. त्या व्हॅनमधून सलामी, पापरिका आणि आजीने भरलेल्या मुरंब्याच्या बाटल्या येतात. ‘ओस्कार’सारख्या संकेतस्थळावर प्रवासाचा खर्च वाटून घेणारे सहप्रवासी मिळतात. कोणी परदेशात दगावल्यास पार्थिव मायदेशी नेण्यासाठी वर्गणीचे आवाहनही केले जाते. हेझल्टनच्या तेरा कामगारांना ज्या चिंतेने एकत्र आणले, ती अजून संपलेली नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तिच्या वेगातूनच येतात. प्रश्नाला दहा मिनिटांत वीस उत्तरे मिळतात, पण त्यांतील कोणते खरे, हे नवख्याला कळत नाही. नोकरी किंवा खोली देतो असे सांगून आगाऊ पैसे घेणारे भामटे त्याच भाषेत बोलतात; भाषेवरचा विश्वास हेच त्यांचे भांडवल असते. परदेशात आपल्याच माणसापासून जपून राहा, असा सल्ला हंगेरियनांमध्ये म्हणूनच वारंवार ऐकू येतो. गट चालवणारे बिनपगारी काम करतात. मायदेशातील राजकारणावरून वाद पेटतात आणि अनेक गटांना राजकीय चर्चेवर बंदी घालावी लागते. काम झाले की माणूस गप्प होतो. गट सोडण्यासाठी कोणाचा निरोपही घ्यावा लागत नाही.

म्हणून गटांतूनच प्रत्यक्ष भेटींची वाट निघते. कोणी तरी उद्यानात ‘बोग्राच’ म्हणजे गुयाश शिजवण्याचे मोठे कढले आणायचे कबूल करतो, दुसरा लाकडे आणतो, तिसरी पाव आणते. लहान मुलांच्या आया खेळगट सुरू करतात आणि त्यातून कधी कधी शाळा उभी राहते. कढले हलवायला आणि शाळा उघडायला माणसे ठरल्या वेळी यावी लागतात. एकमेकांवरील विश्वासाची पारखही तेथेच होते.

बुडापेस्टचा हात

२०१० नंतर हंगेरी सरकारने सीमेबाहेरील हंगेरियनांकडे विशेष लक्ष वळवले. १ जानेवारी २०११ पासून हंगेरियन वंश आणि भाषेचे ज्ञान यांच्या आधारे, देशात वास्तव्य नसतानाही नागरिकत्व मिळू लागले. २०१७ च्या अखेरीस अशा नागरिकांची संख्या दहा लाखांवर गेली. त्यांत बहुसंख्य शेजारी देशांतील अल्पसंख्य आहेत. त्यांना पक्षयादीसाठी टपालाने मत देता येते. २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत या टपाली मतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मते फिडेस पक्षाला मिळाली.

हंगेरीत कायमचा पत्ता ठेवून लंडनमध्ये काम करणाऱ्याला मात्र टपालाची सोय नव्हती. त्याला दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात स्वतः जावे लागे. या फरकाने नव्या स्थलांतरितांमध्ये नाराजी निर्माण केली. मतदानासाठी एकत्र गाडीने जाण्याची आखणी ऑनलाइन गटांतून होऊ लागली आणि मताच्या रांगेत अनेकांना आपल्या शहरात इतके हंगेरियन राहतात हे प्रथमच दिसले. तरुणांना परत आणण्यासाठी २०१५ मध्ये ‘घरी ये, तरुणा’ अशा अर्थाच्या नावाची सरकारी योजना निघाली. तिचा प्रतिसाद इतका तोकडा होता की पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली.

अधिक उपयोगी पडलेल्या एका योजनेला भारताशी जोडलेले नाव आहे. २०१३ पासून हंगेरीतील तरुण शिक्षक आणि नृत्यशिक्षक काही महिन्यांसाठी परदेशातील वस्त्यांत पाठवले जातात. योजनेचे नाव शांदोर कोरोशी चोमा यांच्यावरून ठेवले आहे. ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेले चोमा हंगेरियनांचे मूळ शोधण्यासाठी १८१९ मध्ये निघाले आणि लडाखला पोहोचले. झंस्कार आणि किन्नौरमधील मठांत राहून त्यांनी तिबेटी भाषेचा अभ्यास केला. त्यांचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध झाला. १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेली दुसरी योजना अठराव्या शतकातील लेखक केलेमेन मिकेश यांच्या नावाने ओळखली जाते. ऑटोमन तुर्कस्तानात निर्वासित म्हणून आयुष्य घालवताना मिकेश यांनी अस्तित्वातच नसलेल्या एका आत्याला उद्देशून पत्रे लिहिली. या योजनेत बंद पडणाऱ्या हंगेरियन मंडळांची आणि घरांची ग्रंथसंपदा गोळा करून मायदेशी नेली जाते. १९५६ च्या पिढीने जपलेली पुस्तके वाचणारे घरात कोणी उरले नाही, हे त्या खोक्यांवरून समजते.

जुने सभागृह, नवे सदस्य

आज अनेक शहरांत दोन हंगेरियन समाज शेजारी नांदतात. एकाकडे इमारत, स्वयंपाकघर आणि ग्रंथालय आहे, पण सदस्य वयोवृद्ध आहेत. दुसऱ्याकडे हजारो सदस्य आणि लहान मुले आहेत, पण बसायला जागा नाही. त्यांच्यात अंतरही आहे. निर्वासितांच्या संस्थांना ध्वज, राष्ट्रगीत आणि २३ ऑक्टोबरचा स्मरणदिन महत्त्वाचा वाटतो. नोकरीसाठी आलेल्या तरुणाला कधी कधी ते सारे मायदेशातील पक्षीय घोषणांसारखे भासते.

जेथे हे अंतर मिटते, तेथे ते बहुधा मुलांमुळे मिटते. मूल पाच-सहा वर्षांचे झाले आणि घरातील हंगेरियन प्रश्नाला स्थानिक भाषेत उत्तर देऊ लागले की पालक शाळेचा शोध घेऊ लागतात. पत्ता त्यांना मोबाइलवरील गटात मिळतो, वर्ग मात्र जुन्या सभागृहातच भरतो. २०२० च्या महासाथीत अशा शाळा पडद्यावर चालल्या. मोठ्यांना ते जमून गेले. वाचायला नुकतेच शिकणाऱ्या मुलांना पडद्यासमोर धरून ठेवणे अवघड होते.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आणि १ जानेवारी २०२१ पासून मुक्त संचार संपल्यावर तेथील हंगेरियनांसमोर कायम राहावे की परतावे, हा प्रश्न नव्याने आला. परतायचे ठरले, तर मुलाला हंगेरीतील शाळेत बसवावे लागणार. त्याला मोठ्यांशी आदराने कसे बोलायचे, हंगेरियनमध्ये लिहायचे कसे, हे येते का, याचे उत्तर त्या कुटुंबाने आधीच्या पाच-दहा वर्षांतील शनिवार कसे घालवले यावर ठरते.